तुझ्या आवाजातला पहिला तास

कल्पी, तुझा वर्ग मी घेतला. पहिला तास झाला. कसा झाला हे सांगायला मला तुझ्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही, म्हणून तुलाच सांगते.

विभागप्रमुख बाईंचा फोन आला तेव्हा तेराव्याची भांडी अजून घासायची होती. ओल्या हातानेच मी फोन उचलला आणि हॅलो म्हटलं. पलीकडे एकदम शांत झालं. रेंज गेली असेल असं वाटून मी पुन्हा हॅलो म्हटलं, जरा मोठ्याने. मग बाईंनी गुजरातीत अगदी हळू विचारलं, ज्योतीबेन ना? मी हो म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

त्यांचं म्हणणं असं होतं की नवी नेमणूक होईपर्यंत तुझा पेपर मी शिकवावा. विषय आपला दोघींचा एकच. कॉलेजात तासिका तत्त्वावर मी इतकी वर्षं समाजशास्त्रच शिकवते आहे. मी नाही म्हणणार होते. तुझ्या खुर्चीवर बसायची कल्पनाच मला सोसेना. पण फोन स्पीकरवर होता आणि स्वयंपाकघरातून माय म्हणाली, ‘हो म्हन.’ तू गेल्यापासून ती कुणाशी धड एक वाक्य बोलली नव्हती. मी हो म्हटलं. तिने तसं का सांगितलं ते मला पुढे कळलं.

फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, एक सांगून ठेवते, कल्पनाबेन सुट्टीत या नव्या वर्गाच्या मुलांशी ऑनलाइन बोलल्या होत्या. त्या दिवशी त्यांचा कॅमेरा चालला नाही. मुलांनी त्यांना पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय.

आपला आवाज एक आहे हे लोक आपल्याला लहानपणापासून सांगत आले. बाबांमुळे झालं ते. कापडाच्या लूमच्या खटखटीत उभं राहून त्यांचे कान गेले होते. घरी आल्यावर त्यांच्याशी ओरडून बोललेलं त्यांना आवडत नसे, आणि हळू बोललेलं ऐकू येत नसे. मधली एक जागा होती. जरा वरच्या पट्टीत, शब्द सुटे सुटे करून, शेवटचं अक्षर न गिळता बोलायचं. आपण दोघी तीच जागा शिकलो. माझ्यानंतर पाच वर्षांनी तू शिकलीस, म्हणजे बहुतेक माझं ऐकूनच. गोडादऱ्याच्या त्या गल्लीत दाराआडून बोललं की शेजारच्या काकू विचारायच्या, थोरली का धाकटी? लग्नानंतर मी माहेरी आले की कोसाडहून माझ्या सासूबाईंचे फोन यायचे, त्यातली अर्धी बोलणी माझ्या नावाने तू ऐकून घेतलीस आणि ‘हो हो, चुकलं’ म्हणून वर माझ्याकडे बघून हसलीस. त्याचे आभार मानायचे राहिले. तेव्हा गंमत वाटायची.

तयारीला मी तुझ्या खोलीतच बसायचं ठरवलं. पुस्तकं तिथे होती आणि मायला एकटं ठेवून कोसाडला परतायला मन घेत नव्हतं. तुझे भाऊजी, सुनील, म्हणाले, राहा हवं तितके दिवस. दुपारी माय लवंडली की मी दार लोटून घ्यायची आणि पहिल्या तासाचं बोलणं मोठ्याने म्हणून बघायची. हा तुझाच हट्ट. मनातल्या मनात सगळंच बरोबर वाटतं ताई, तोंडाने बोललं की खोटं घशात अडकतं, असं तू म्हणायचीस. मी तुला हसायचे. इतकी वर्षं शिकवतेय, मला काय तालीम करायची आहे, म्हणायचे. आता भिंतीकडे तोंड करून तालीम करत होते, आणि पहिल्याच दुपारी मधेच गप्प झाले. खोलीत तू बोलत होतीस. मीच बोलत होते हे मला माहीत होतं, तरी बोलत होतीस तू.

पहिल्या तासावरून आपलं भांडण अर्धंच राहिलंय, आठवतं? तुझं म्हणणं, पहिल्या दिवशी मुलांची नावं-गावं विचारायची नाहीत. सरळ शिकवायला लागायचं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी तुला गाव विचारलं होतं, ‘क्यांना?’ तू गोडादरा म्हणालीस. सर चांगल्या मनाने म्हणाले, अच्छा, लूमवाळा. आणि पुढची तीन वर्षं वर्गात तू ‘लूमवाळी’ राहिलीस. पहिल्या क्रमांकाने पास झालीस तेव्हाही कुणीतरी म्हणालं, लूमवाळी पहिली आली. तू म्हणायचीस, विचारणाऱ्याला वाटतं तो ओळख करून घेतोय, पण तो मुलाला एका जागी खिळा मारून ठेवतो.

माझं म्हणणं उलटं होतं. मला कुणी विचारलंच नाही. मी वर्षभर मागच्या बाकावर बसले आणि निकालाच्या दिवशी सर म्हणाले, ज्योती म्हणजे कुठली? ज्याचं नाव कुणी विचारत नाही ते मूल वर्गात असून नसतं, असं मी म्हणायचे. त्या शेवटच्या रविवारी मी माहेरी आले होते तेव्हाही आपण यावरच बोलत होतो. तुझं डोकं सकाळपासून दुखत होतं. तू डोळे मिटून म्हणालीस, ताई, तुझं ऐकते, पण आत्ता नको, संध्याकाळी भांडू. मी म्हटलं, बरं, मी दळण घेऊन येते.

मग संध्याकाळ आलीच नाही.

माझ्या तालमीच्या दुसऱ्या का तिसऱ्या दुपारी मला दाराबाहेर बांगड्या वाजल्यासारखं वाटलं. बोलणं थांबवलं तर तोही आवाज थांबला. पुन्हा सुरू केलं. दाराच्या खालच्या फटीत सावली होती, जमिनीलगत, कुणी बसल्यावर पडते तशी. तालीम संपवून दार उघडलं तर बाहेर कुणी नव्हतं. भिंतीला टेकून बसल्याने तिथला चुना पुसला गेला होता आणि उंबऱ्याशी चहाचा कप ठेवला होता. बिनसाखरेचा. मी साखर घेते, तू घेत नव्हतीस. मी तो चहा प्याले. का प्याले ते सांगता येत नाही. ओतून द्यायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर ते रोजचंच झालं. माय माझ्याशी दिवसभर बोलायची नाही. जेवायला वाढायची, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. दुपारी मात्र मी खोलीत बोलायला लागले की ती येऊन बसायची. एकदा मी मुद्दाम विषय वाढवला, सुचेल ते बोलत राहिले, कुटुंब म्हणजे काय, नातं म्हणजे काय, सगळं पहिल्या वर्षाचं. ती उठलीच नाही. एका दुपारी मी तालीम न करता नुसतीच पडून राहिले, तर थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. अगदी हलकी. मग तिचा आवाज आला, ‘आज बोलस नही का?’

कुणाला विचारत होती ते मला कळत होतं, आणि फोनच्या वेळी ‘हो म्हन’ का म्हणाली होती तेही. मी उठून बोलायला लागले.

सुनील एका रविवारी दुपारी आले. ते जिन्यातूनच परत खाली गेले आणि ओट्यावर बसून राहिले. मी खाली गेल्यावर म्हणाले, वर कल्पना बोलतेय असं वाटलं, पाय पुढे पडेना. इतकी वर्षं माझ्याबरोबर संसार केलेला माणूस, त्यालाही ओळखू आलं नाही. ते म्हणाले, हे बंद कर ज्योती, मायला याची सवय लागेल. मी म्हटलं, लागलीय.

आणखी एक गोष्ट मला समजत नव्हती. तुझ्यानंतर मी मायला हाक मारली की ती धावत येई. चालत नाही, धावत. एकदा मी न्हाणीतून टॉवेलसाठी ‘माय’ म्हटलं तर ती कणकेच्या हातांनी धापा टाकत दाराशी आली, टॉवेलशिवायच. एकदा जिन्यावरून पडता पडता वाचली. तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते बघवत नव्हतं. मग मी हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं की उठून तिच्यापाशी जायची आणि हाताला हात लावायची.

पहिला तास होता त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, मी शेवटची तालीम केली. समोरच्या लूम-कारखान्याच्या खात्यातली पाळी बदलत होती म्हणून लूम थोडा वेळ थांबले होते. गल्ली नेहमी इतकी गप्प नसते. माझं बोलणं संपलं. बाहेर माय बसलेली होती. मी पुस्तक मिटलं आणि तेवढ्यात ती बोलायला लागली. दाराला तोंड लावून बोलत असावी, कारण तिचा श्वासही ऐकू येत होता.

‘कल्पे,’ ती म्हणाली, ‘जव्हय तू हाक मारी, माले वाटनं ज्योती शे. म्हनीसन मी लवकर उनू नही.’

मग तिने थांबत थांबत सगळं सांगितलं. त्या रविवारी ती वर अगाशीत पापडासारख्या पातळ बिबड्या वाळत घालत होती. मी दळण आणायला गेलेय हे तिला माहीत नव्हतं. खालून हाक आली, माय. तिला वाटलं मी. मी तर मीठ कुठे आहे एवढं विचारायलाही हाक मारते. येस, येस, येतेच, म्हणत तिने हातातल्या ओल्या बिबड्या पसरल्या. पुन्हा हाक आली. तिने राहिलेल्याही पसरल्या. मग हाक आली नाही, तेव्हा तिला वाटलं, मिळालं असेल मीठ.

हे ती कुणालाच बोलली नव्हती. मला तर कशी बोलणार? माझ्या आवाजामुळे तिची गल्लत झाली होती. मी दळणाची पिशवी घेऊन जिना चढत होते तेव्हा ती अगाशीवरून हात पुसत उतरत होती आणि आम्ही दोघी एकाच वेळी तुझ्या दाराशी पोचलो, एवढंच मला ठाऊक होतं. तिने त्या वेळी माझ्याकडे असं का पाहिलं होतं, तू इकडे कशी, असं, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

मग तिने विचारलं, ‘तुले भलता तरास व्हयना का वं?’

माझा हात कडीवर होता. दार उघडलं असतं तर मी ज्योती झाले असते. तिला जवळ घेतलं असतं, दोघी रडलो असतो, आणि तिचा प्रश्न तसाच राहिला असता, कारण त्याचं उत्तर ज्योतीकडे नव्हतंच. मी दार उघडलं नाही. आवाज बदलावा लागला नाही कल्पी, तेच सगळ्यात भयंकर होतं. मी फक्त बोलले.

‘नही वं माय. काहीच दुखनं नही.’

मग ती उठली. गुडघ्यांवर हात टेकून उठते तशी, कण्हत. ‘जेवी ले,’ म्हणाली आणि जिना उतरून गेली. समोरच्या खात्यात लूम पुन्हा सुरू झाले तेव्हा मी कडी सोडली. मागे वळून तुझ्या पलंगाकडे पाहायचं मी टाळलं. तिथे तू बसली असशील असं वाटलं नाही. तू ऐकलंस, एवढंच वाटलं.

सकाळी मायने माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत. चहा समोर ठेवला, त्यात साखर होती. दाराआडून कोण बोललं ते तिला ठाऊक आहे की नाही, मला अजून सांगता येत नाही. निघताना तिने माझ्या हातावर दही दिलं.

विद्यापीठात फाटकावरच्या रखवालदाराने ओळखपत्र विचारलं. माझं अजून झालेलं नव्हतं. कुठला विभाग, म्हणून त्याने विचारलं आणि मी उत्तर दिल्यावर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने बाजूचं छोटं फाटक उघडून धरलं. तू रोज त्याच्याशी बोलायचीस, असं बाईंनी नंतर सांगितलं. विभागाच्या फलकावर वेळापत्रक लावलेलं होतं. त्यात तुझं नाव होतं. कुणीतरी ते खोडायचं विसरलं होतं, किंवा कुणाचा हात धजला नव्हता.

वर्गात मुलं आधीच येऊन बसली होती. मी शिरले तेव्हा सगळी उभी राहिली. माझा चेहरा त्यांना नवा होता, त्यामुळे सगळं ठीक होतं. चेहरा माझा एकटीचा आहे, बाबांचं नाक तुला गेलं. मी टेबलावर पुस्तक ठेवलं, आणि गुजरातीत म्हटलं, बसा.

एवढाच शब्द. कुणी बसलं नाही.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने शेजारणीचा हात धरला. मागे एका मुलाने मान खाली घातली, देवासमोर घालतात तशी. तू गेल्याचं त्यांना कळलेलं होतं. त्यांच्या ग्रुपवर तुझ्यासाठी त्यांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली होती. आणि आता कुणी अनोळखी बाई उभी राहून तुझ्या तोंडून त्यांना बसायला सांगत होती. दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘मॅम, तमे तो...’ आणि पुढे तिला बोलता येईना.

मी तयार केलेलं पहिलं वाक्य त्या खोलीत निरुपयोगी होतं. शिकवायला लागायच्या आधी मी कोण ते सांगणं भाग होतं. मी म्हटलं, ‘हुं एमनी मोटी बेन छुं,’ त्यांची मोठी बहीण. मग आपोआप पुढचंही बोलले. माझं नाव ज्योती. राहते कोसाडला, माहेर गोडादरा. वडील लूमवर होते, त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून आम्ही दोघी बहिणी अशा बोलतो. तुम्हाला त्रास झाला असेल तर समजू शकते. मलाही होतो.

मुलं बसली. दुसऱ्या बाकावरची मात्र उभीच राहिली. डोळे पुसून तिने तिचं नाव सांगितलं, वंदना, आणि नवागाम म्हणाली. तिच्या मागची उठली, तिने तिचं सांगितलं. मग एकामागून एक. मी विचारलं नव्हतं कल्पी. थांबवलंही नाही. कुणी लिंबायतचं होतं, कुणी अमरोलीचं, कुणी वराछ्याचं. एकीने तर आजीचं गावही सांगितलं. शेवटच्या बाकावरच्या दोन मुलांपर्यंत ओळ आली तेव्हा ती दोघं खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांना सांगायचं नव्हतं. मी पुस्तक उघडलं आणि शिकवायला लागले. तेव्हा त्यातल्या एकाने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे खांदे सैल पडले. तिथे तुझं म्हणणं खरं होतं. बाकीच्या बाकांवर कदाचित माझं असेल. आता यावर कुणाशी भांडू?

तास वाईट झाला नाही. मी दोनदा अडखळले. तुझ्यासारखं वाक्याच्या मधे थांबून फळ्याला पाठ लावून उभं राहायची सवय माझी नव्हती, पण त्या दिवशी मी तशी उभी होते असं नंतर लक्षात आलं. पदराला मागे खडू लागला होता. तास संपल्यावर वंदना माझ्याबरोबर व्हरांड्यापर्यंत आली. विचारायचं काही नव्हतं तिला. म्हणाली, मॅम, पुढच्या तासालाही तुम्हीच येणार ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग डोळे मिटून ऐकलं तर चालेल? मी तिला नाही म्हणायला हवं होतं बहुतेक. मी म्हटलं, लिहून घ्यायला डोळे लागतील. ती पहिल्यांदा हसली.

घरी आले तर मायने विचारलं, काय शिकाडं? तिच्या तोंडून कामाचा, साधा प्रश्न बऱ्याच दिवसांनी आला. मी जे जे शिकवलं ते सांगितलं. ती शेंगा सोलत ऐकत होती, आणि कुटुंबाची व्याख्या ऐकून म्हणाली, येवढं सांगाले पुस्तक कसाले लागस? तू असतीस तर हसून लोळली असतीस.

आज दुपारी मी पुढच्या तासाची तयारी करायला पुन्हा तुझ्या खोलीत आले आहे. दार लोटलंय. अजून एक शब्द मोठ्याने बोललेले नाही. तुझ्याशी हे सगळं मनातच चाललंय.

त्या संध्याकाळी मी तुझ्या वतीने बोलले. मायला त्यानंतर झोप लागते, ती जेवते, हाक मारली तर चालत येते. म्हणजे मी केलं ते बरोबरच केलं असणार. पण मला स्वतःला ते ठाऊक नाही ना. डॉक्टर म्हणाले होते, डोक्यातली नस फुटली की फार वेळ लागत नाही, त्यांना कळलंही नसेल. ‘नसेल’ म्हणाले होते. आणि तू तर दोनदा हाक मारलीस.

कल्पी, दुखलं होतं का गं तुला?

सांगायचं तर हळू सांग. माय बाहेर येऊन बसलीय.